सुटे भाग हरवलेला जुना बहुरूपी हार: जतन, जुनी जोड की नवी घडण?

एकच हार गळ्यात घालावा, मधले पदक काढून ब्रोच म्हणून लावावे, दोन बाजू सुट्या करून ब्रेसलेट करावे, किंवा सगळा हार चौकटीवर चढवून टियारा, म्हणजे डोक्यावरचा मुकुटासारखा दागिना, म्हणून मिरवावा, अशी घडण युरोपातील जवाहिऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फार नजाकतीने केली. असा हार वारशाने हाती येतो तेव्हा तो बहुधा अपुरा असतो. चौकट, ब्रोचची टाचणी, जोडाचे बारीक स्क्रू हे भाग वेगळे ठेवले जातात आणि वाटण्या होताना वेगवेगळ्या घरी जातात. मग तो हार आहे तसा जपावा, जुन्या तुटक्या दागिन्यांतले भाग लावून पुरा करावा, की हरवलेले भाग नव्याने घडवून घ्यावेत, हा प्रश्न उभा राहतो.

उत्तर शोधण्याआधी नेमके काय हरवले आहे ते ठरवावे लागते, आणि ते हाराच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू अधिक सांगते. रिकाम्या नळ्या, आटे पाडलेली छिद्रे, एकाच जागी झिजलेल्या कडा यांवरून तिथे काहीतरी बसत होते हे कळते. मूळ पेटी शिल्लक असेल तर मखमलीतील रिकाम्या खाचा हरवलेल्या भागाचा आकारच दाखवतात, म्हणून ती पेटी कितीही कळकट झाली असली तरी टाकू नये. जुने स्क्रू हाताने आटे पाडून एकेका छिद्रापुरते केलेले असत, त्यामुळे कारागीर स्क्रूवर आणि छिद्राशेजारी जुळणाऱ्या खुणा कोरून ठेवी. दहापट भिंगाखाली एका फुलामागच्या छिद्राजवळ तीन रेघा दिसाव्यात आणि त्यात बसलेल्या स्क्रूच्या माथ्यावर चार, तर तो स्क्रू दुसऱ्या फुलाचा आहे आणि कोणीतरी तो जबरदस्तीने पिळला आहे, असे समजावे. असा हार पुरा दिसत असला तरी त्याचे आटे दुखावलेले असू शकतात.

पहिला मार्ग निव्वळ जतनाचा. यात खड्यांच्या नख्या तपासून घट्ट करतात, मोती नव्या दोऱ्यात गाठी देऊन ओवतात, हलक्या हाताने साफसफाई करतात आणि हरवलेल्या भागाची जागा रिकामीच ठेवतात. हार फक्त गळ्यात घालायचा असेल, किंवा त्याचा इतिहास आणि मूळ पेटी दोन्ही शाबूत असतील, तर मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण पुढे दुसरा निर्णय घेण्याची वाट त्यात मोकळी राहते. मात्र फाशाची, म्हणजे हार बंद करणाऱ्या खटक्याची, आत अडकणारी लवचीक जिभली ढिली झाली असेल तर ‘आहे तसे’ म्हणून ती सोडून देता येत नाही. ती निसटली की एखादा भाग नव्हे, अख्खा हारच जातो.

दुसरा मार्ग त्याच काळातील तुटक्या दागिन्यांतून भाग मिळवण्याचा. खड्यांच्या बाबतीत याला तोड नाही. जुन्या पद्धतीने पैलू पाडलेल्या हिऱ्याचा वरचा सपाट भाग लहान आणि माथा उंच असतो, आणि समोरून पाहिले तरी तळाचा छाटलेला बिंदू छोट्या वर्तुळासारखा दिसतो. त्यांच्या ओळीत आजचा गोल ब्रिलियंट हिरा बसवला तर तो चांगल्या प्रतीचा असूनही परका दिसतो. मात्र ‘जुने’ म्हणून मिळालेले सारे जुने असतेच असे नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वेर्नॉय यांनी कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत 1902 साली जाहीर केली, त्यामुळे त्याआधीच्या हारात तसे माणिक आढळले तर ते नंतर बसवलेले असणार. नैसर्गिक आणि संवर्धित (माणसाने शिंपल्यात वाढवलेल्या) मोत्यांतला फरकही डोळ्यांनी खात्रीने कळत नाही, त्यासाठी क्ष-किरण तपासणी लागते. यंत्रणेच्या भागांसाठी मात्र हा मार्ग मी सुचवणार नाही. दुसऱ्या दागिन्यातील स्क्रूचे आटे या हाराच्या छिद्राशी जुळत नाहीत, मग छिद्र मोठे करून नवे आटे पाडले जातात, आणि उपऱ्या तुकड्यासाठी मूळ भागाचा बळी जातो.

तिसरा मार्ग नव्या घडणीचा, आणि सर्वाधिक पारख इथेच लागते. शिल्लक कडीचे स्कॅनिंग करून तिची ओतीव प्रतिकृती करता येते, पण ओतल्यावर धातू किंचित आकसतो, त्यामुळे साच्यात तेवढी वाढ धरावी लागते. शोभेच्या भागाला ओतकाम चालते. जिभलीला मात्र पत्रा लाटून आणि ठोकून कठीण केलेला धातूच हवा, कारण ओतीव धातूला तशी लवचीक उसळी नसते. प्लॅटिनमचा वापर रुळण्यापूर्वी हिऱ्यांची कोंदणे पुढून चांदीची आणि मागून सोन्याची असत. चांदी सुमारे 962 अंश सेल्सियसला वितळते आणि शुद्ध सोने 1064 अंशांना, म्हणून झाळताना चुकीला फारशी जागा नसते. पूर्वीच्या दुरुस्तीत शिशाचा डाख वापरला असेल तर तो आधी पुरता काढावा लागतो, नाहीतर तापवताच शिसे सोन्याचांदीत शिरून खड्डे पाडते. लेझर वेल्डिंगची उष्णता एका बिंदूपुरती राहत असल्याने मोत्याजवळही काम करता येते, पण चांदी प्रकाश परतवते आणि उष्णता चटकन पसरवते, म्हणून तिथे सरावलेला हात लागतो. मागून बंद कोंदणात खड्याखाली चकाकीचा पत्रा असेल तर पाणी, वाफ आणि अल्ट्रासॉनिक सफाई तिन्ही वर्ज्य समजावीत. एकदा ओल शिरली की तो पत्रा काळवंडतो आणि खडा कायमचा निस्तेज दिसतो.

हार मोडून नवाच दागिना करणे हा पर्याय मी या तुलनेत धरत नाही, कारण ती दुरुस्ती नव्हे.

दर्शनी खडा हरवला असेल तर जुना खडा आणि नवे कोंदण हा मेळ उत्तम. टियारा किंवा ब्रोच हे रूप पुन्हा वापरात आणायचे असेल तर नवी घडण घ्यावी, पण नवा भाग जुन्या छिद्राला जुळवून घ्यावा, जुने छिद्र नव्या भागासाठी बदलू देऊ नये. चौकट आधी पितळेत करून बसवून पाहण्याची अट घालावी. नव्या भागाच्या मागे घडणीचे साल कोरून घ्यावे, म्हणजे पुढच्या पिढीला मूळ आणि नवे वेगळे ओळखता येईल. हार सोपवताना प्रत्येक भागाचे मागूनपुढून छायाचित्र आणि वजन लिहून ठेवावे, आणि काम झाल्यावर मोडकी जिभली असो वा झिजलेला स्क्रू, काढलेला प्रत्येक जुना तुकडा मागून घेऊन पेटीतच वेगळ्या पुडीत ठेवावा.