स्टिअरिंग काढायचं: गुडघ्याने, हातोड्याने की पुलरने?

नागपूरच्या मे महिन्यात उघड्या छताची जुनी गाडी अंगणात उभी राहिली की पहिला बळी जातो स्टिअरिंगचा. पारा 45 च्या वर, त्यात आवरण टाकायला दोन दिवस विसरलं, की कडक प्लास्टिकवर केसाएवढी चीर दिसते. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यात नख अडकतं. मग एकच प्रश्न उरतो: काढायचं कसं?

त्याआधी काढायचंच का, हे ठरवा. नुसत्या चिरा असतील तर डॅशबोर्डवर जुनी चादर टाकून, चीर जरा रुंद करून, अराल्डाईट भरून जागेवरच घासता येतं. आरे वाकलेत, खालचा इंडिकेटरचा स्विच गेलाय किंवा लाकडी व्हील बसवायचंय, तरच व्हीलच्या मधल्या नटाला हात लावा.

माझ्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर आहे. 1962 साली आलेली ही गाडी ट्रायम्फच्याच हेराल्ड या गाडीच्या आखूड केलेल्या चॅसीवर बेतलेली. हेराल्ड मद्रासला 1961 पासून बनत होती, त्यामुळे आपल्याकडच्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांचा हात तिच्यावर बसलेला. माझा मिस्त्रीही त्यातलाच. मधलं हॉर्नचं बटण काढलं, नट सोडला, आणि म्हणाला, "काहून टेन्शन घेता भाऊ, दोन दणक्यांत निघते." निघालं नाही. पाचव्या दणक्याला, व्हील जिच्यावर बसतं त्या दांडीच्या टोकाचे आटे चेपले. नट परत चढेना. आटे इंची, आणि दुकानात डाय (आटे पाडायचं हत्यार) मिळते ती मिलिमीटरची; इतवारीच्या लोहा ओळीत अर्धा दिवस घालवला तेव्हा कुठे जमलं.

आट्यांचं एक वेळ निभतं. हेराल्ड-स्पिटफायरची दांडी दोन तुकड्यांची, एकात एक सरकणारी, क्लॅम्पने धरलेली असते. वरून दणके बसले की व्हील सुटायच्या आधी दांडीच आत सरकायला लागते. इतर काही गाड्यांत, अपघातात दांडी चेपावी म्हणून, आत प्लास्टिकच्या पिना असतात. त्या दणक्याने तुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. जुन्या, एकसंध दांडीच्या गाडीत मार थेट खाली, चाकं वळवणाऱ्या रॅकच्या पिनियनपर्यंत, म्हणजे दात्यांच्या छोट्या चाकापर्यंत जातो. म्हणून हातोडा माझ्या यादीतून बाद.

गुडघ्याची पद्धत फुकटची आणि बऱ्याचदा पुरेशी. सीटवर बसायचं, दोन्ही गुडघे खालून व्हीलला लावायचे, हातांनी आळीपाळीने डावी-उजवी बाजू ओढायची. व्हील मधल्या काळात कधी काढलेलं असेल तर दहा मिनिटांत हलतं. पण नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या. व्हील सुटतं ते झटक्यात, आणि नट नसेल तर सरळ तुमच्या दातांवर येतं. पातळ ॲल्युमिनियमचे आरे असतील तर ओढ बॉसजवळ, म्हणजे आरे जिथे मिळतात त्या मधल्या तुकड्याजवळ द्या. कडेला धरून जोर लावला तर आरेच वाकतील.

तीस-चाळीस वर्षं न हललेल्या व्हीलला पुलरच हवा, म्हणजे पंज्यांनी धरून मधल्या बोल्टने व्हील ओढून काढणारं हत्यार. बॉस ॲल्युमिनियमचा, दांडी पोलादी. पावसाळ्यांची ओल दोघांच्या मधे गेली की स्प्लाईन, म्हणजे दोघांचे एकमेकांत बसणारे दात, एकमेकांना घट्ट धरतात. आदल्या रात्री डब्ल्यूडी-40 मारून ठेवा. पुलरचे पंजे बॉसच्या मागून घाला, आऱ्यांमागून नाही. मधला बोल्ट दांडीच्या टोकावर नीट मधोमध टेकवा. अर्धा फेरा, थांबा, चहा घ्या, परत अर्धा फेरा. माझ्या व्हीलचा 'टक्' आवाज तिसऱ्या चहाच्या वेळी आला. पुलर मी मित्राकडून आणला होता; एकदाच लागणारी वस्तू विकत घेण्यात अर्थ नाही. अडचण एकच: काही गाड्यांत बॉसमागे जागा इतकी कमी असते की पंजा शिरतच नाही. तिथे बॉसला आटे पाडलेली दोन भोकं आहेत का बघा. असतील तर बोल्टवाला पुलर लागतो.

गॅरेजला द्यायची असेल तर आधी एवढंच विचारा, "पुलर आहे का?" उत्तरात हातोडा आला तर गाडी घरी आणा. आणि एअरबॅगवाल्या नव्या गाडीला यातलं काहीच लागू नाही, तिचं व्हील घरी उघडायचंच नाही.

कुठलीही पद्धत घ्या, बॅटरीची वायर आधी काढा. नाहीतर हॉर्नची वायर बॉडीला टेकते आणि गल्ली जागी होते. पुढची चाकं सरळ ठेवा, आणि बॉस व दांडी दोन्हींवरून जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. परत बसवताना नट हलकाच आवळून गल्लीत एक चक्कर मारा. गाडी सरळ जातेय आणि आरे तिरके दिसतायत, तर व्हील उचलून एक दात सरकवा. इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होतोय का तेही तेव्हाच बघा, मगच नवा वॉशर घालून नट पक्का करा.