मुलींच्या जुन्या शाळेतील अभिवाचन आणि संगीत

मुलींच्या शिक्षणाविषयीचे कार्यक्रम पुण्यात सावित्रीबाईंच्या जयंतीच्या सुमारास पुष्कळ होतात आणि त्यांत बहुधा भाषणेच अधिक असतात. पेठेतील एकोणिसाव्या शतकातल्या एका मुलींच्या शाळेत झालेल्या अभिवाचन-संगीताच्या या सभेत मात्र भाषण नव्हते. निवेदन मोजके होते आणि त्या काळी शिकलेल्या स्त्रियांचे मूळ लेखनच ऐकायला मिळाले, याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार मानायला हवेत.

सर्वांत उत्तम झाले ते मुक्ता साळवे हिच्या निबंधाचे वाचन. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातील या १४ वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला हा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या नियतकालिकाने छापला. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराचे शीर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करत, हे तिने जितक्या सरळपणे लिहिले, तितक्याच सरळपणे वाचणाऱ्या तरुणीने ते वाचले. आवाज चढवला नाही, हुंदका आणला नाही. मार्केट यार्डामुळे रोज आपल्या तोंडी असलेले गुलटेकडीचे नाव त्या वाक्यात ऐकणे फार जड गेले, आणि ते जड जायलाच हवे होते. पुढे ज्ञान हेच आपल्या लोकांच्या दुःखावरचे औषध असल्याचे मुक्ता सांगते, तेव्हा मागे कोणतेही वाद्य वाजत नव्हते, हा निर्णय दिग्दर्शकाच्या जाणतेपणाची खूण होय.

हा संयम न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या आठवणी वाचताना सुटला. विवाहानंतर पतीकडून शिकताना घरातल्याच बायकांकडून सोसावे लागलेले टोमणे त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नोंदवले आहेत. ते हळू आवाजात वाचले जात असताना संवादिनीचे सूर अखंड चालू राहिले आणि मागच्या रांगांपर्यंत अनेक वाक्ये पोहोचलीच नाहीत.

गाण्यांत जात्यावरच्या ओव्या साथीशिवाय गायल्या गेल्या, त्या विशेष आवडल्या. जनाबाईंचा अभंग आणि जोतीराव फुले यांचा ‘अखंड’ (अभंगासारखी पद्यरचना) नेटके झाले.

एक उणीव मात्र गंभीर वाटते. मुलींच्या शाळांना ‘समाजाने’ विरोध केला, एवढेच निवेदनात आले. वास्तविक १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा सुरू झाल्यानंतर तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने कठोर टीका केली होती, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे सुधारक शाळेच्या बाजूने उभे होते. हा वाद पुण्यातच, छापील शब्दांत झाला. त्यातील दोन उतारे समोरासमोर वाचले असते तर या स्त्रियांनी कशाला तोंड देऊन लिहिले ते श्रोत्यांना नेमके कळले असते. पुढच्या प्रयोगात त्यांना जागा द्यावी आणि त्यासाठी शेवटचे समूहगीत गाळले तरी चालेल.