साइड स्टँड रुतू नये म्हणून: सुटी चकती, जोडलेली पट्टी की डबल स्टँड?

बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली, टिळकवाडी एवढ्यातच तुमची गाडी फिरत असेल, तर या तिन्हींपैकी काहीही करण्याची घाई नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवून हँडल डावीकडे वळवून लॉक केलेली गाडी काँक्रीटवर सहसा जागची हलत नाही. खरा प्रश्न गाव सोडल्यावर सुरू होतो. खानापूरकडे लाल माती, निपाणी-चिकोडीकडे काळी, आणि पावसाळ्यात दोन्हीकडे पाय ठेवला की बूट आत. गाडी लावून तुम्ही बांधावरून आत जाता. इकडे स्टँडचा पाय हळूहळू खाली जात राहतो, गाडी डावीकडे कलत जाते, आणि तुम्ही परत येईपर्यंत क्लचचा लिव्हर मोडून ती आडवी झालेली असते. उन्हाळ्यातही सुटका नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी नवीन डांबरावर गाडी लावून बघा, स्टँडच्या खाली खड्डा पडतोच.

दोष स्टँडचा नसतो, त्याच्या तळव्याचा असतो. बहुतेक गाड्यांच्या साइड स्टँडचा जमिनीला टेकणारा भाग फार तर तीन बाय चार सेंटिमीटर, म्हणजे बारा चौरस सेंटिमीटर. तिथं सात बाय आठची पट्टी आली की छप्पन्न होतात. गाडीचं वजन तेच, पण ते साडेचार पटीहून जास्त जागेवर पसरतं. बाजारात मिळणारी चकती आणि वेल्डिंगवाल्याकडची पट्टी दोन्ही हेच काम करतात. फरक आहे तो रोजच्या वापरात.

सुटी चकती सगळ्यात स्वस्त. प्लॅस्टिकची तयार मिळते, नाहीतर प्लायवूडचा तुकडा, कौलाचा तुकडा, पत्र्याचं झाकण, काहीही चालतं. आमच्या खानापूर भागात कौलाला तोटा नाही, त्यामुळे शेताच्या तोंडाशी लोकांनी आपापले तुकडे टाकून ठेवलेले दिसतात. चकतीत गाडीला हात लावावा लागत नाही, वॉरंटीचा प्रश्न येत नाही, आणि एक चकती घरातल्या सगळ्या गाड्यांना चालते. ज्याला महिन्यातून एखाद्या वेळी मातीत गाडी लावायची आहे, त्याला मी चकतीच सांगेन.

पण रोज मातीत जाणाऱ्यासाठी चकतीची एक गोष्ट फार त्रासाची आहे, आणि माझा निर्णय तिच्यामुळेच झाला. चकती लावायला एक हात लागतो, आणि नेमका तोच हात गाडी धरायला हवा असतो. मागं खताची पिशवी बांधलेली आहे, हँडलला डबा लटकतोय, पाऊस सुरू आहे. अशा वेळी तुम्ही सीटवर बसूनच खिशातून चकती काढायची, वाकून खाली टाकायची, डाव्या पायानं सरकवत नेमकी जागेवर आणायची, मग स्टँड काढायचा आणि तो तिच्या मधोमध टेकलाय का ते बघायचं. कडेवर टेकला तर चकती उलटते आणि स्टँड सरळ चिखलात. मागं आई बसलेली असेल तर आधी तिला उतरवायचं, मग हे सगळं करायचं. निघताना पुन्हा तेच उलट्या क्रमानं: गाडी सरळ धरून रुतलेली चकती उपसायची आणि चिखलानं माखलेली ती खिशात किंवा डिकीत घालायची. काहीजण चकतीला दोरी बांधून दुसरं टोक हँडलला अडकवतात. त्यानं चकती मागं राहत नाही, हे खरं. पण वाकणं आणि नेम धरणं काही चुकत नाही.

शिवाय गाडी घरात एकट्याची नसते. ती धाकटा भाऊ नेतो, शेजारचे काका मागून नेतात, बाजारात गाड्या लावून देणारा पोरगा ती उचलून दुसरीकडे सरकवतो. चकती तुमच्या खिशात असते आणि गाडी दुसऱ्याच कुणाच्या हातात. स्टँडला जोडलेली पट्टी मात्र गाडीबरोबर जाते. ती आहे हे कुणाला सांगावंही लागत नाही.

मी पट्टी करून घेतली ती उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात. आकार मी जरा मोठा सांगितला होता, तर तिथले मिस्त्री म्हणाले, "अण्णा, एवढी रुंद नको, वळणावर रस्त्याला लागंल." बरोबर होतं त्यांचं. डाव्या वळणावर गाडी झुकली की दुमडलेल्या स्टँडचं टोक रस्त्याच्या जवळ येतं. बाहेर फार आलेली पट्टी तिथं घासणार. म्हणून पट्टी आतल्या बाजूला थोडी जास्त, बाहेर कमी, आणि स्टँड दुमडल्यावर ती चेनला किंवा डबल स्टँडला लागत नाही ना, हे जोडण्याआधी हातानं धरून बघायचं.

जाडीचंही तसंच. पट्टी जितकी जाड, तितकी गाडी सरळ उभी राहते, आणि सरळ उभी गाडी उजवीकडे पडायला सोपी. चार-पाच मिलिमीटर पुरे. तेवढ्यानं माझ्या गाडीच्या कलात मला काही फरक जाणवला नाही. लोकं दहा-बारा मिलिमीटरचे ठोकळे लावतात ते मला पटत नाही. तुमची गाडी आधीच जरा सरळ उभी राहत असेल तर चार मिलिमीटरच्या वर जाऊच नका.

नवीन गाडीला वेल्डिंग नको वाटत असेल तर नटबोल्टनं आवळायची तयार पट्टी मिळते. खालून एक प्लेट, वरून एक, मध्ये स्टँडचा पाय. ती अधूनमधून आवळून बघावी लागते, पण गाडी विकताना काढून ठेवता येते.

पट्टीचा एक दोष मात्र सांगायला हवा. लाल माती पाण्याबरोबर सुटते, काळी सुटत नाही. निपाणीकडच्या तंबाखूच्या रानात पावसानंतर गेलात तर पट्टीखाली चिखलाचा गोळाच चिकटून वर येतो. तसाच स्टँड दुमडला तर तो गोळा चेनवर पडतो. बुटानं एक ठोसा मारून झाडायची सवय लागते. मला हे चकतीपेक्षा परवडतं, पण ज्याचं रोजचं जाणं-येणं काळ्या रानातच आहे त्यानं याचा विचार करूनच ठरवावं.

डबल स्टँडबद्दल थोडक्यात. घरासमोरच्या फरशीवर त्याच्याइतकं भक्कम काही नाही. चेनला तेल घालायला, चाक काढायला तो हवाच. पण चिखलात त्याचे दोन पाय सारखे रुतत नाहीत. एक जास्त खाली गेला की गाडी कुठल्या बाजूला जाईल ते सांगता येत नाही. उतारावर तो लावायचाच नाही. वजनाचं म्हणाल तर ११२ किलोची स्प्लेंडर कुणीही चढवेल, १९५ किलोची क्लासिक ३५० मऊ जमिनीवर चढवताना खालची मातीच दबते आणि जोर फुकट जातो. काही नवीन गाड्यांना डबल स्टँड येतच नाही, घेताना विचारून घ्या.

काही गोष्टी यांतल्या कशानंच होत नाहीत. स्टँडचा वरचा बोल्ट झिजला असेल तर गाडी जास्तच कलते. तो आधी बदला, स्प्रिंग ढिली असेल तर तीही. चढावर लावायची असेल तर पुढचं चाक चढाच्या बाजूला असू द्या. उताराकडे तोंड करून लावली आणि गाडी पुढं सरकली तर स्टँड मिटतो, तिथं पट्टी काय करणार! रस्त्याच्या कडेला डावी बाजू उंच असेल तर गाडी सरळ होते आणि उजवीकडे जाते, अशी जागा सोडून द्या. आणि जांबोटीच्या पुढं चोर्ल्याकडे जुलैतला वारा पश्चिमेकडून येतो. तिथं गाडीचं तोंड दक्षिणेला ठेवलं की वारा उजवीकडून लागतो आणि गाडीला स्टँडवरच दाबतो. मोकळ्या पठारावर मी तरी हे पाळतो.

तर महिन्यातून एखाद्या वेळचं काम असेल तर चकती घ्या, वावगं काही नाही. आठवड्यातून दोन-तीनदा शेतावर जात असाल तर मी पट्टीच करून घ्या म्हणेन. वेल्डिंग करायचं ठरलं तर शक्यतो स्टँड गाडीपासून सोडवून न्या. गाडीवरच करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढायला लावा, विशेषतः फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला. चारही कोपरे ग्राइंडरनं गोल करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात घाईनं स्टँड काढताना पॅन्ट अडकते. आणि वर एक हात प्रायमर मारून घ्या, जोडावर पहिला गंज तिथंच धरतो.