दादरचं जुन्या पुस्तकांचं दुकान, माझ्याकडून साडेतीन स्टार

दादर वेस्टला स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर गल्लीत रद्दी कम जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, पाटी नाही, बाहेर वजनकाटा आणि आत छपरापर्यंत गठ्ठे. दोन वर्षं महिन्यातून एकदा तरी जातेय म्हणून लिहिते.

मी परळला सहावी-सातवीला मराठी शिकवते. माझा वाचनाचा तास म्हणजे प्रकट वाचन, एकाने उभं राहून उतारा वाचायचा, बाकीचे आपला नंबर कुठल्या ओळीला येतोय ते मोजत बसायचे. घरी पुस्तक दिलं की सारांश हवाच, त्यामुळे पोरं कायम सगळ्यात बारीक पुस्तक उचलायची. 2015 पासून 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, त्याचे फोटो ग्रुपवर टाकले की आमचं वर्षाचं वाचन संपलं. आणि मी तरी काय वाचत होते, उत्तरपत्रिका आणि व्हॉट्सॲप.

लेकीच्या स्कॉलरशिपची गाईडं बघायला इथे गेले तर सुतळीने बांधलेले 'किशोर'चे अंक दिसले. बालभारतीचं मासिक, 1971 पासून निघतंय, जुने अंक ऑनलाईन फुकट वाचता येतात हेही माहीत होतं पण वर्गात मोबाईल चालत नाही आणि पस्तीस पोरं एका स्क्रीनसमोर बसवली की झाला परत माझाच तास. काकांना म्हटलं किलोवर द्या. "मॅडम, हे रद्दीत नाय धरत, दहाला एक." बावीस घेतले, दोनशेत दिले.

आता तासाची शेवटची पंधरा मिनिटं ज्याला जे हवं ते वाचायचं, सारांश बंद. पहिल्या दिवशी मी वह्या तपासायला बसले तर एकीने विचारलंच, "बाई, तुम्ही नाय वाचत?" गपचूप एक अंक उचलला. जोडाक्षराला अडखळणारा मागच्या बाकावरचा एकजण, उभं केलं की घाम फुटायचा त्याला, तो एकदा अंक घेऊन टेबलाशी आला, कुणीतरी कधीकाळी पेन्सिलने सोडवलेलं शब्दकोडं दाखवत म्हणाला, "बाई, याने आडवा तीन चुकवलाय, खोडू?"

आता तक्रार. पानं तपासूनच घ्या. एका गोष्टीचं शेवटचं पान गायब, वर्गाने मला दोन दिवस सोडलं नाही, शेवटी रात्री ऑनलाईन तो महिना शोधून काढला आणि दुसऱ्या दिवशी शेवट मी वाचून दाखवला, तेव्हा कुणी नंबर मोजत नव्हतं. काकांना सांगितलं तर म्हणे जुना माल आहे मॅडम, बदलून मिळणार नाय. दीड स्टार त्याचा कापला.

जीपे चालत नाही, सुट्टे न्या. संध्याकाळी सहानंतर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. आणि कोपऱ्यातला दिवाळी अंकांचा गठ्ठा मी सांगून ठेवलाय, तो सोडून काय ते घ्या.