दाता घरचाच, पण जुळत नाही: किडनीची अदलाबदल करावी की अँटीबॉडी काढून प्रत्यारोपण?

घरातलं कुणीतरी किडनी द्यायला तयार असतं आणि तपासणीनंतर कळतं की हा दाता चालणार नाही. मरणोत्तर दानाच्या यादीत नाव असतंच, पण जिवंत दात्याच्या बाबतीत दोन वाटा उरतात. पहिली, आपल्यासारख्याच अडलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल. दुसरी, रुग्णाच्या रक्तातल्या, दात्याच्या किडनीवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी (संरक्षक प्रथिनं) काढून त्याच दात्याची किडनी बसवणं. माझ्या मते कोणती वाट धरायची, हे आधी एका प्रश्नावर ठरतं: आड येणारी अँटीबॉडी रक्तगटाविरुद्धची आहे की एचएलएविरुद्धची (एचएलए म्हणजे पेशींवरच्या, माणसागणिक वेगळ्या ओळखखुणा)?

रक्तगटाची असेल तर दोन्ही वाटा खऱ्या अर्थाने खुल्या आहेत. (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची चिंता नको, किडनीला त्याने फरक पडत नाही.) शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी रिटुक्सिमॅब हे औषध देऊन अँटीबॉडी बनवण्यामागच्या बी पेशी कमी करतात, मग प्लाझ्माफेरेसिसने, म्हणजे रक्तातला द्रव भाग यंत्राने वेगळा काढून, अँटीबॉडी उतरवतात. टायटर, म्हणजे अँटीबॉडी किती आहे याचं माप (दुसरा आकडा मोठा तितकी ती जास्त), १:३२ असेल तर हे सहज जमतं. १:५१२ असेल तर खर्च, फेऱ्या आणि धोका सगळंच वाढतं. विलक्षण गोष्ट पुढे घडते. पहिले दोनेक आठवडे निभावले, की अँटीबॉडी परत आल्या तरी बहुतेक वेळा किडनीला इजा होत नाही. बायोप्सीत सी४डी (अँटीबॉडीच्या हल्ल्याची खूण) चिकटलेलं दिसतं, पण किडनी काम करत राहते. मरणोत्तर दान फार कमी असलेल्या जपानने हा मार्ग १९८९पासून रुळवला. किंमत मात्र मोजावी लागते: सुरुवातीच्या काळात जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं) यांचा धोका जुळणाऱ्या दात्यापेक्षा जास्त असतो.

एचएलएची अँटीबॉडी इतकी समजूतदार नसते. गर्भारपण, रक्त चढवणं किंवा आधीचं प्रत्यारोपण यांतून ती तयार होते. म्हणूनच आई झालेल्या स्त्रीला नवऱ्याची किडनी द्यायची असेल तर क्रॉसमॅचकडे (रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटीबॉडी आहे का, या तपासणीकडे) विशेष लक्ष द्यावं: मुलांमार्फत त्याच्या एचएलएची ओळख तिच्या शरीराला आधीच झालेली असू शकते. प्लाझ्माफेरेसिसने ही अँटीबॉडी उतरते, पण स्मृतिपेशी शिल्लक राहतात आणि तीच अँटीबॉडी पुन्हा बनवू शकतात. किडनी हळूहळू निकामी करणारं रिजेक्शन इथे जास्त दिसतं. अशा रुग्णाने आधी अदलाबदलीतच नाव नोंदवावं, असं मी ठामपणे सांगेन.

१९८६ साली प्रत्यारोपण शल्यचिकित्सक फेलिक्स रापापोर्ट यांनी सुचवलेली अदलाबदल १९९१मध्ये दक्षिण कोरियात प्रत्यक्षात आली. तिचा फायदा साधा आहे: जुळणारी किडनी मिळते आणि जादा औषधं टळतात. अडचण वाट पाहण्याची. ए गटाचा रुग्ण आणि बी गटाचा दाता असेल तर उलटी जोडी लवकर सापडू शकते. ओ गटाच्या रुग्णाचं मात्र कठीण होतं, कारण ओ दाता आपल्या माणसाला बहुधा थेटच देऊ शकतो, त्यामुळे तो अदलाबदलीत फारसा येत नाही. टायटर कमी असेल तर अशा रुग्णाने डायलिसिसवर वर्षं घालवण्यापेक्षा दुसरी वाट धरावी.

बहुतेकांविरुद्ध एचएलए अँटीबॉडी असलेल्या रुग्णाला अदलाबदलीतही पूर्ण जुळणारा दाता सापडेलच असं नाही. त्याच्यासाठी दोन्ही वाटा जोडता येतात: अदलाबदलीतून ज्याच्याविरुद्ध अँटीबॉडी सर्वांत कमी आहे असा दाता शोधायचा आणि उरलेली अँटीबॉडी उपचाराने उतरवायची. आपल्या केंद्रात हे होतं का, हे नाव नोंदवतानाच विचारावं.