दादरचा स्वसंरक्षण वर्ग: सतरंजी पातळ, वकीलबाई भक्कम

रात्रपाळी संपवून शेवटच्या लोकलने घरी येते, म्हणून दोन रविवारच्या या वर्गाचे ८०० रुपये भरले. मनगट सोडवायची युक्ती जमली. पण सतरंजी इतकी पातळ की कोपर अजून ठणकतंय. पैसे वसूल झाले ते वकीलबाईंच्या तासाला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३८ त्यांनी फोड करून सांगितलं: हल्ल्यात जीव जाण्याची, जबर दुखापतीची, बलात्काराची किंवा अ‍ॅसिडची वाजवी भीती असेल, तर स्वतःला वाचवताना हल्लेखोर मेला तरी तो गुन्हा नाही. मात्र कलम ३७ प्रमाणे गरजेपेक्षा जास्त इजा नको. मी विचारलं, पाकीटमाराला छत्री हाणली तर? "हाणा की, पण डोक्यात नको!" हॉलमध्ये पंखा एकच, तोही बाईंच्या डोक्यावर.