ॲसिट्रॉम की ॲपिक्साबॅन? एएफच्या रुग्णाने ठरवायचं कसं

एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, आहे हे कळलं, धडधड आवरायची गोळी सुरू झाली आणि आता डॉक्टर म्हणतायत की रक्त पातळ करायची गोळीही लागेल, जुनी ॲसिट्रॉम घेताय की नवी ॲपिक्साबॅन ते सांगा. पाच वर्षांपूर्वी मीही इथेच अडलो होतो. पहिले एकवीस महिने मी ॲसिट्रॉम घेतली, तेव्हापासून आजपर्यंत ॲपिक्साबॅन.

एक गोष्ट आधी पाहून घ्या. हृदयात धातूची झडप बसवलेली असेल, किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच आकसलेली असेल, तर जुनीच गोळी घ्यायची. २०२२ मध्ये संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नव्या गटातल्या रिव्हरोक्साबॅनपेक्षा जुन्या औषधावर मृत्यू कमी झाले. आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ आहेत. म्हणून इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमध्ये झडपेबद्दल काय लिहिलंय ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. माझी झडप चांगली होती, त्यामुळे मला निवड करता आली.

ॲसिट्रॉमची बाजू लंगडी नाही. ती स्वस्त आहे, जुनी आहे, आणि औषध लागू पडतंय की नाही ते कागदावर दिसतं. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा म्हणजे आयएनआर; तो २ ते ३ च्या मध्ये आला की त्या रात्री शांत झोप लागायची. एखाद्या दिवशी गोळी राहिली तरी परिणाम लगेच उतरत नाही. नव्या गोळीत मला हा दिलासा कधीच मिळाला नाही.

तरीही मी ती सोडली. कारण सुई नव्हे. तासगावच्या बाजूच्या आमच्या गावातून सकाळच्या एसटीने सांगलीला जाऊन तपासणीसाठी रक्त देणं मला जड नव्हतं. जड गेली ती अर्धी गोळी. प्रत्येक रिपोर्टनंतर डोस बदलायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार दोन मिलिग्रॅम, बाकीचे दिवस तीन; पुढच्या वेळी सगळे दिवस अडीच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ही प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीने आकडा लिहायची आणि रिपोर्ट आला की खोडून नवा लिहायची. त्या महिन्याचं पान खोडून खोडून पातळ झालं होतं. गोळी दोन्ही अंगठ्यांनी मोडायची, तर एक तुकडा मोठा, एक बारका, आणि कधी एखादा ओट्याखाली. रात्री नऊला कॅलेंडरसमोर उभं राहून कालचा तुकडा घेतला की नाही हे आठवत बसायचो.

त्यात भाजीचं. डॉक्टर म्हणाले होते, पालेभाजी बंद करू नका, पण रोज सारखी खा. आमच्या घरी पालेभाजी ऋतूप्रमाणे येते. थंडीत मेथी, चाकवत. पावसाळ्यात अळू, घोळ, तांदळजा. सारखी कशी राहणार? एका ऋषिपंचमीला भाजी पोटभर खाल्ली, दुसऱ्या दिवशीही उरलेली खाल्ली. त्या आठवड्यात आयएनआर १.५ आला. डोस वाढवला. पुढे पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडॅझोल घेतली, तर तोच आकडा ४.८ झाला आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. त्यानंतर ही माझं ताट वाढताना भाजी चमच्याने मोजून वाढू लागली. ते मला बघवेना.

ॲपिक्साबॅनचा डोस माझ्यासाठी ठरलेला आहे: सकाळी एक, रात्री एक, ५ मिलिग्रॅम. भाजी हवी तेवढी खातो. २०११ साली अठरा हजारांवर रुग्णांवर तिची तुलना ॲसिट्रॉमच्याच जुन्या गटातल्या वॉरफरिनशी झाली. तिच्यावर मेंदूतला रक्तस्राव निम्म्याहूनही कमी आढळला, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती.

पण ही गोळी चुकवून चालत नाही. एका दिवसात परिणाम उतरतो. मुलीच्या गावी जाताना पाकीट घरी राहिलं तेव्हा रात्री साडेदहाला औषधाचं दुकान शोधत फिरलो होतो. महिन्याचा खर्च ॲसिट्रॉमपेक्षा बराच जास्त येतो, जेनेरिक घेतली तरीही. एसटी, लॅब आणि मोडलेला दिवस धरला तर माझ्यापुरता तो फरक फारसा उरला नाही. ज्यांची लॅब घराजवळ आहे आणि आयएनआर महिनोन्‌महिने स्थिर आहे, त्यांचा हिशेब वेगळा असू शकतो.

ॲब्लेशन, म्हणजे धडधड सुरू करणारा हृदयातला भाग निकामी करण्याची प्रक्रिया, केलं की या गोळीतून सुटका होईल का, असं बरेच जण विचारतात. तो उपाय धडधडीसाठी. रक्त पातळ करायची गोळी वय, बीपी, मधुमेह यांवरून ठरते आणि ॲब्लेशननंतरही बऱ्याच जणांना चालू ठेवावी लागते.

जुनी गोळी चालू असेल तर नवी मनाने सुरू करू नका. जुनी थांबवून आयएनआर २ च्या खाली आल्यावरच माझी नवी गोळी सुरू झाली. डॉक्टरांकडे जाताना क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणि वजन लिहून न्या. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी लागू असतील तर डोस २.५ होतो. जपून म्हणून स्वतःहून कमी करू नका. आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक चालू असेल तर तीही सांगा. ॲसिट्रॉम घ्या की ॲपिक्साबॅन, डायक्लोफिनॅकसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो.